तर्कनिवासातली भारती

मुलुंड (पूर्व)
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

श्री. अनय यांस,

आडनाव आपण पडद्यावर देत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. नमस्कार. विनंती एकच आहे, ती विशेष आहे की नाही हे पत्र वाचून आपणच ठरवावं.

मी इथल्या एका शाळेत सव्वीस वर्षं संस्कृत शिकवते. म्हणजे आठवीतल्या मुलांना पास होण्याची आणि त्यांच्या आईबापांना शंभरपैकी शंभरची आशा दाखवते. आपण लिहिलेली 'तर्कनिवास' ही मालिका माझी आई रोज संध्याकाळी सात वाजता बघते. मी ती स्वयंपाकघरातून ऐकते. ऐकता ऐकता गेल्या महिन्यात माझ्या हातातली वाटी खाली पडली.

मालिकेतल्या कुटुंबाला आपण दार्शनिकांची नावं दिलीत. कौतुक आहे. एरवी मालिकांमधली माणसं दोनअक्षरी नावांनी एकमेकांना हाका मारत साडेतीनशे भाग काढतात. पण नावं निवडताना कणाद नाही, पतंजली नाही, शाळेच्या पुस्तकातलं एकही सोपं नाव नाही. आजोबांचं नाव उदयन. ईश्वर आहे हे सिद्ध करण्यात ज्याची हयात गेली, आणि पुरीच्या देवळाचं दार बंद दिसल्यावर ज्यानं देवालाच दरडावलं अशी दंतकथा आहे, तो. काकांचं नाव जयराशी. कुठलंच प्रमाण न मानणारा. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा कुमारिल. वेष बदलून प्रतिपक्षाच्या विहारात शिकला आणि मग गुरूंनाच वादात हरवून बसला, अशी ज्याची कथा सांगतात, तो. आणि थोरली मुलगी भारती. मंडनमिश्रांची बायको, नवरा वादाला बसला आणि पंच म्हणून हिलाच बसवलं.

हे चार. हेच चार. एकाच घरात.

आता 'आपण' पुरे झालं. सुयोग, १९९३ साली तुला कावीळ झाली होती. सात वर्षांचा होतास, दोन महिने अंथरुणावर. मी एम.ए.ला होते, न्यायाचं पुस्तक मांडीवर आणि तू शेजारी उसाचा रस पीत. तुला राक्षसांच्या गोष्टी नको होत्या, म्हणून मी या लोकांच्या सांगितल्या आणि आपण घरातल्यांना नावं वाटून टाकली. बाबा उदयन, कारण ते खांद्यावर टॉवेल टाकून देव्हाऱ्यासमोर उभे राहायचे आणि "आमी आसव म्हणान तू आसस, समाजला मा?" असं देवाला विचारायचे. आई जयराशी, कारण कोळीण "सुरमई ताजी आहे" म्हणाली की आईचा डोळ्यांवर विश्वास नाही, नाकावर नाही आणि कोळणीच्या शब्दावर तर नाहीच. तुला कुमारिल व्हायचं होतं. वेष बदलायला मिळतो म्हणून. आणि बाबांचं नि तुझं भांडण झालं की निकाल मी द्यायचा, म्हणून मी भारती. मंडनाची बायको धाकट्या भावाची पंच कशी, असं तू विचारलंस, तेव्हा मी तुला रस पी म्हटलं.

जिथे धूर तिथे अग्नी. इथे तर चार चुली पेटल्यात. 'अनय' म्हणजे तूच.

नंबर बदलून तू मला फोनवर बंद करून ठेवलं आहेस, त्याला नऊ वर्षं झाली. म्हणून हे पत्र, मालिकेच्या शेवटच्या पाटीवर आलेल्या अंधेरीच्या पत्त्यावर. उत्तर लिहायची गरज नाही. तू तूच असशील, तर या आठवड्यात उदयनच्या डाव्या खांद्यावरचा टॉवेल उजव्या खांद्यावर येऊ दे. मला कळेल.

आईची तब्येत बरी आहे. विचारलं नाहीस, तरी सांगते.

नीला


रविवार, ९ नोव्हेंबर

सुयोग,

उत्तर मिळालं. गुरुवारच्या भागात उदयनच्या खांद्यावर टॉवेलच नव्हता.

मी आधी निराश झाले, मग विचार केला. डावीकडून उजवीकडे हलवणं म्हणजे माझं ऐकणं झालं असतं. तू माझं ऐकणार नाहीस. पण पत्र मिळालं हे तर कळवायचंय. मग माणूस काय करेल? टॉवेलच काढून टाकेल. हे इतकं तुझ्या स्वभावाला धरून आहे, की याहून बळकट पुरावा मी वर्गातसुद्धा दिलेला नाही.

आईला अजून काही बोलले नाही. पण ती जयराशी आहे. परवा म्हणाली, "गो नीला, ह्यो म्हातारो तुझ्या बापाशीसारखो देवाक झाडता. खंय बघल्यानी ह्या लोकांनी?" मी म्हटलं, म्हातारे सगळे सारखेच असतात. "सगळे नाय," म्हणाली आणि आवाज वाढवला.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी मागची गोष्ट दाखवली, कुमारिल घरात होता तेव्हाची: भारती त्याच्यासाठी मुलीच्या घरी बोलणी करायला गेली. थोरली बहीण बोलणी करायला जाते, हे दर दुसऱ्या मालिकेत असतं, मला मान्य आहे. मुलीकडचे चहा देतात, हेही असतं. पण परत येताना भारती जिन्यात थांबली. वर घरचे वाट बघताहेत, खाली रस्ता, आणि ही मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी. चेहऱ्यावर कॅमेरा. बराच वेळ.

मी जिन्यात थांबले होते हे तुला कुणी सांगितलं?

उगाच विचारलं. दमले होते म्हणून थांबले होते. तुझ्यासाठी श्रुतिकाला विचारून वाकोल्याहून येणं म्हणजे काही कमी नाही. त्या दिवशी काय झालं ते तुला माहीतच आहे, मी तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं: श्रुतिका स्वतः नाही म्हणाली, आणि तू तिला फोन करू नयेस असा तिचा निरोप होता. एवढंच. तू बाबांकडे बघून ओरडलास, "तुमच्यामुळे! तिचे वडील पहिल्यांदा घरी आले, तर तीन तास त्यांच्याशी देव आहे की नाही यावर वाद घातलात! कोण देईल मुलगी या घरात?" बाबा म्हणाले, "नाय म्हणाली तर नाय. पोरी काय एकच आसा?" आणि तू बॅग भरलीस.

यात माझा भाग फक्त निरोप आणण्याचा होता. मालिकेत भारतीला उगाच वाईट करू नकोस, इतकंच सांगायचं होतं.

नीलाताई


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सुयोग,

काल जाहिरात बघितली. आईनं मला हाताला धरून बाहेर आणलं, "ये ये, बघ." भारतीचा चेहरा, वीज, शंख, आणि तो घोगऱ्या आवाजाचा माणूस: "नऊ वर्षं... एक गुपित... काय दडवलं होतं भारतीनं? दोन तासांचा महाएपिसोड, रविवार तेवीस नोव्हेंबर, संध्याकाळी सात."

नऊ वर्षं.

दहा म्हणता आलं असतं. बारा तर मालिकेत नेहमीचीच. नेमकी नऊ.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "भारतीन काय लपयल्यान गो?" मी म्हटलं, मला कसं माहीत असेल? "तुका सगळा म्हायत आसता," म्हणाली. ती सहज बोलली की मुद्दाम, हे मला ठरवता येईना. कालपासून मी घरात चोरासारखी वावरते आहे. आज शाळेत आठवीतल्या मुलीनं "मॅडम, तुम्ही बघता का तर्कनिवास?" विचारलं, तर तिला मी उभं करून पाच धातू चालवायला लावले.

तुला श्रुतिका भेटली का? सरळ विचारते. लग्न होऊन बोरिवलीला असते असं ऐकलंय. तुम्ही नाटकवाले, कुठे ना कुठे समोरासमोर आलाच असाल. ती काही म्हणाली असेल, तर ते तिच्या बाजूनं म्हणाली असेल. दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये, हे मी तुला सात वर्षांचा असताना शिकवलंय.

शब्दशः 'नाही' असं ती म्हणाली नव्हती. झालं समाधान? बोलण्याचा एकूण रोख माझ्या लक्षात आला आणि तो मी थोडक्यात सांगितला. निरोप्याला तेवढा अधिकार असतो.

तुझ्याकडे मागणं एकच. मला काय म्हणायचंय ते म्हण, चार पानं शिव्या लिहून पाठव. पण आईला टीव्हीवरून कळायला नको. ती शहात्तर वर्षांची आहे, आणि बाबा गेल्यापासून हे सात ते साडेसात एवढंच तिचं आहे. केबल काढून टाकते असं मी म्हणून बघितलं. "आधी माका काढ भायर," म्हणाली.

तेवीस तारखेला नऊ दिवस आहेत. तेवढ्यात तुम्हाला बदलता येतं ना? एखाद्या पात्राचा अपघात करा, परदेशी पाठवा. एरवी करताच की.

ताई


मंगळवार, १८ नोव्हेंबर

सुयोग,

तू उत्तर देत नाहीस आणि जाहिरात आता तासाला दोनदा लागते. ठीक आहे. आईला पडद्यावरून कळण्याआधी तुला माझ्या हातून कळलेलं बरं. निदान तू दाखवशील ते खरं तरी दाखवशील.

आमच्या शास्त्रात एक पद्धत आहे. स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती अशी मांडायची की त्यानं मान डोलवली पाहिजे. लंगडी मांडली तर गुरुजी पहिल्यापासून करायला लावत. म्हणून आधी तुझी बाजू, मला जमेल तेवढ्या जोरानं.

तू तीस वर्षांचा होतास. श्रुतिका तुझ्या नाटकाच्या ग्रुपमध्ये होती. दुसऱ्यांच्या नायकांना पानंच्या पानं प्रेमाची कबुली लिहून देणारा तू, स्वतःच्या वेळी माझ्यामागे लागलास, "ताई, तू जा ना यार. मी विचारलं आणि ती हसली तर माझी वाट लागेल. बाबा गेले तर वाद घालून येतील. तू गेलीस की काम फत्ते." म्हणजे घरात एकाच माणसावर तुझा विश्वास होता.

मी गेले. वाकोल्याची ती चाळ, दुसरा मजला. श्रुतिकाचे वडील खाटेवर होते. आपल्याकडे येऊन गेल्यावर महिन्याभरात त्यांची उजवी बाजू गेली होती, हे तिनं तुला सांगितलं नव्हतं. त्यांनी मला डाव्या हातानं नमस्कार केला आणि अडखळत म्हणाले, "तुमचे वडील... फार छान भांडतात. पुन्हा... यायचं होतं." हे त्यांचं वाक्य. बाबांवर त्यांचा राग नव्हता, त्यांना बाबा आवडले होते.

तिची आई म्हणाली, "आमची एकुलती एक आहे. ह्यांचं असं झालंय. सुयोगराव इथे येऊन राहणार असतील तर आमच्याकडून हो आहे. आमचं दुसरं काही मागणं नाही." श्रुतिका चहा घेऊन आली. तिनं मान खाली वगैरे घातली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझंही हो आहे, ताई."

ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "तो येईल ना इकडे राहायला?" मी म्हटलं, विचारते. म्हणाली, "मी फोन करू का त्याला?" मी म्हटलं, आत्ता नको, घरात बाबा जरा तापलेत, मी सांगेन तेव्हा कर. आणि मी घरी आले आणि जिन्यात थांबले.

तू हो म्हणाला असतास. मला शंकाच नव्हती. त्याच संध्याकाळी कपडे भरून वाकोल्याला गेला असतास. आणि मग घरात कोण उरलं असतं? बाबांचा खोकला, आईचे गुडघे आणि मी. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. मला बघायला येणारे कधीच थांबले होते. तू बाहेरून येऊन "ताई, आज कोण जिंकलं?" असं विचारायचास, त्यावर माझा दिवस संपायचा. तेवढं जाऊ नये म्हणून मी वर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाही म्हणाली."

पुढचं मला ठाऊक नव्हतं. तू बाबांना दोष देशील हे डोक्यातच आलं नव्हतं. तू ओरडत होतास तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मी पाणी आणायला आत गेले.

पंधरा दिवसांनी श्रुतिकाचा निरोप आला, माझ्याच फोनवर: "ताई, काय ठरलं?" मी उत्तर दिलं नाही. तोवर तू शूटिंगच्या कामाला कोल्हापूरला गेला होतास, नंबर बदलून.

आणि बाबा. तू गेल्यावर बाबांनी वाद घालणं सोडलं. देव्हाऱ्यासमोर उभे राहायचे, हात जोडायचे, बाजूला व्हायचे. कुणी काही म्हटलं की "आसात, आसात" म्हणून मान डोलवायचे. सहा वर्षं. माझ्या जिभेमुळे पोराचं लग्न मोडलं, असं ते आईला म्हणाले होते. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. तू स्मशानात आलास, मागे उभा राहिलास आणि तिथूनच परत गेलास. त्याही दिवशी मी बोलले नाही.

ही तुझी बाजू. यात कुठे लंगडं असेल तर सांग.

आता माझी बाजू मांडायची पाळी. दोन दिवस कागद समोर ठेवून बसले. नाही सुचत.

ताई


रविवार, २३ नोव्हेंबर

सुयोग,

घाईत लिहिते आहे. आत्ता नऊ वाजून पाच मिनिटं झालीत आणि महाएपिसोड संपला.

जुळी बहीण!

भारतीला जुळी बहीण आहे! नऊ वर्षं ती हृषीकेशला होती आणि आता लाल लिपस्टिक लावून परत आली. हेच ते गुपित. आई टाळ्या वाजवत होती. "माका वाटलाच होता!" म्हणाली. काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही. मी खुर्चीच्या हाताला धरून बसले होते.

मला क्षणभर इतकं हलकं वाटलं, की मी आईबरोबर हसले. मग अठरा तारखेचं पत्र आठवलं.

ते तुला मिळालं का? मिळालं नसेल तर उत्तम. मिळालं असेल आणि उघडलं नसेल, तर उघडू नकोस. उघडलं असेल तर असं समज, की ती एका मास्तरणीनं रचलेली गोष्ट होती. तुझ्या मालिकेसाठी नमुना म्हणून. पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला आहे, तसंच परत पाठव, तिकीट मी भरेन.

हे पत्र आधी पोचेल, असं काही करता येतं का?

नीला


रविवार, ३० नोव्हेंबर

सुयोग,

तुझं पत्र काल आलं. तुझं अक्षर बदललेलं नाही.

तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं. तू लिहिलंस:

"ताई, तुझी चारही पत्रं मला एकदम मिळाली, बुधवारी. ऑफिसात पडून होती. मी जूनमध्येच तर्कनिवास सोडलं. माझी फक्त मूळ कल्पना, ती पाटी करारामुळे अजून लागते. पहिल्या मीटिंगला मी चार नावं कागदावर लिहून नेली होती. कुणाला कुठलं द्यायचं ते चॅनलनं ठरवलं. थोरल्या मुलीला मी नाव दिलंच नव्हतं. भारती तर मी नोकराणीसाठी सुचवलं होतं. अंकशास्त्रवाल्या बाईंना ते आवडलं, म्हणून वर सरकवलं. टॉवेलचं सांगतो. भाग पंधरा-वीस दिवस आधी शूट होऊन पडलेले असतात. तुझं पत्र पोस्टात पडलं तेव्हा तो गुरुवारचा भाग कधीच शूट होऊन गेला होता. आणि जिन्यात थांबवतात ते मिनिटं भरायला. फुटेज कमी पडलं की दिग्दर्शक बाईमाणसाला जिन्यात उभं करतो."

आणि खाली, वेगळ्या पेनानं: "मला माहीत नव्हतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तू 'नाही म्हणाली' असं सांगितल्यावर मी कुणालाच विचारलं नाही. मी बाबांना माफ करायचा प्रयत्न करत होतो, ताई. नऊ वर्षं. चार नावं घेऊन मालिका लिहायला बसलो ती त्यासाठी."

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, की हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचं ती खूण, तपासल्याशिवाय अनुमान करू नका. धूर म्हणून दाखवतात ते कधी धुकं असतं. फळ्यावर लिहून देते, परीक्षेत विचारते. त्यात तू काही केलं नव्हतंस. मी माझ्याच मनातलं टीव्हीवर वाचत बसले होते.

"आईला माहीत आहे का?" असं तू शेवटी विचारलंस. परवापर्यंत नव्हतं. काल संध्याकाळी सात वाजता मी टीव्ही बंद केला आणि सांगितलं. सगळं. वाकोला, खाट, "फार छान भांडतात," चहा, कोपरा, माझ्या फोनवरचा निरोप.

आईनं रिमोट पदराखाली ठेवला आणि मला शेवटपर्यंत सांगू दिलं. तिला तू कधी असं बघितलं आहेस? मी नाही. मग म्हणाली, "मगे तेंचो काय्येक दोष नव्हतो?"

मी म्हटलं, नव्हता.

"तेंका ह्या म्हायत होता?"

नाही.

ती भिंतीला धरून उठली. बाबांचा फोटो खाली घेतला, पदरानं पुसला, टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "आता तेंका सांग. माका सांगितलंस तसाच. पहिल्यापासून."

मी म्हटलं, आई, फोटो आहे तो.

"फोटोकडे तोंड कर आणि सांग."

सांगितलं. तुला वाटेल त्यापेक्षा ते कठीण असतं. माणूस मधे बोलतो, ओरडतो, तिथे आपल्याला थांबता येतं. फोटो ऐकतच राहतो. माझं सांगून होईपर्यंत आई शेजारी उभी होती, बसली नाही. मग तिनं फोटो परत लावला आणि स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं. आज सकाळपासून माझ्याशी फक्त "गॅस बघ" एवढंच बोलली आहे.

तू माझ्याशी बोलावंस असं मी या पत्रात मागत नाही. आईला भेट. तिला आता तुझ्याकडून बाबांबद्दल ऐकायचं असेल.

नीला


बुधवार, १० डिसेंबर

सुयोग,

तू गेल्या गुरुवारी येऊन गेलास हे मला बशांवरून कळलं. दोन होत्या. आई एकटीला बशी घेत नाही.

विचारल्यावर तिनं सांगितलं. तू तीन वाजता आलास, मी यायच्या आत, पाच वाजता गेलास. तिनं तुझ्यासाठी तिसऱ्या मजल्यावरच्या जयंतीबाईंकडून बांगडे मागवले, तू तीन खाल्लेस. टीव्ही लावला नाही. "काय बोललात?" मी विचारलं. "तेंच्याबद्दल," म्हणाली. मग बशा पुसता पुसता म्हणाली, "हसलो दोघंय. तो बापाशीची नक्कल करता." बाबा गेल्यापासून तिच्या तोंडून 'हसलो' मी ऐकलं नव्हतं.

माझ्याबद्दल काही विचारलंस का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तिला सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.

तू दर गुरुवारी येणार आहेस असं ती म्हणाली. गुरुवारीच का, ते मला समजलं. गुरुवारी माझा शाळेनंतर दहावीचा जादा तास असतो, हे तुला तिनंच सांगितलं असणार. ठीक आहे. मी मुख्याध्यापिका बाईंना सांगून मंगळवारचा तासही गुरुवारी घेतला. म्हणजे मला सहा वाजतात. आईची संध्याकाळची गोळी सहाची आहे, फडताळात निळ्या डबीत. ती "घेतली" म्हणेल. डबी बघून घे. पाण्याचा जग जड आहे, तो तिला उचलू देऊ नकोस. आणि तिला गॅलरीत बसायचं असतं, पण एकटीनं खुर्ची ओढायची भीती वाटते, म्हणून ती मागत नाही.

श्रुतिकाला हे सांगावं का, असं तू पत्रात लिहिलंस ते वाचलं. तिला सांगायचं की नाही ते तुझं, तिथे मी पडणार नाही. तिला सांगितलंस आणि ती मला काही बोलायला आली, तर मी घरी असेन.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली की जादा तास बंद होतात. तू त्याची काळजी करू नकोस. शाळा ते घर वीस मिनिटांचं आहे. मी मिठागराच्या रस्त्यानं वळसा घालून येईन. आईला मी साडेसातला येते असं सांगून ठेवलंय. तुला उशीर होत असेल तर आठपर्यंत बस. तेवढं मला चालता येतं.

ताई